पाठ नसलेला कोट

मंगळवारी संध्याकाळी बँकेसमोरच्या चौकात शिखरवाट अकॅडमीचा फ्लेक्स लागला आणि बुधवारी सकाळी प्रणिता कोरे झोपेतून उठली तेव्हा तिच्या अंगावर कोट होता. निळा, दोन बटणांचा, आत कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. रात्री ती गाऊन घालून झोपली होती. तो गाऊन कमरेखाली जागच्या जागी होता. कमरेच्या वर कोट होता, आणि तो निघत नव्हता.

बार्शीत क्लासच्या फ्लेक्सचं कुणाला नवल नाही. निकाल लागो न लागो, फ्लेक्स लागतोच, पोरांचे फोटो आणि प्रत्येकाखाली बँक अधिकारी. फोटो काढताना पोरांच्या अंगावर कोट नसतो, तो मागाहून कॉम्प्युटरवर चिकटवतात. कुणी शेळ्यांना पाला टाकून आलेला असो की कुणी भाकरी थापून, फ्लेक्सवर सगळे एकाच कोटात. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलून दाखवत नाही. लग्नात नवरीच्या गोरेपणाबद्दल तरी कोण बोलतं? पण कोट दुसऱ्या दिवशी अंगावर आल्याचं आजवर कुणी सांगितलेलं नव्हतं.

प्रणिता आरशासमोर उभी राहिली. कोट चिकटवणाऱ्यानं घाई केलेली दिसत होती. कॉलरच्या वर बोटभर गळा दुसऱ्याच कुणाचा होता, गोरा, त्यावर एक तीळ. तिचा डावा कान केसांबरोबर कापला गेला होता आणि त्या बाजूनं तिला गल्लीतली नळाची भांडणं ऐकू येत नव्हती. मग ती वळली आणि मान मुरडून बघू लागली. कोटाला पाठ नव्हती. पाठीच्या जागी कोरं पांढरं फ्लेक्सचं कापड होतं, कडेला दोरीसाठी पितळी रिंगा, आणि मधोमध एक लाकडी पट्टी उभी गेलेली. बडा घर पोकळ वासा म्हणतात तो वासा तिनं स्वतःच्या पाठीवर बोटांनी ठोकून पाहिला. ठक ठक वाजला.

आईला सांगणं भाग होतं. महानंदा कोरे ही बाई सगळ्या गल्लीचे ब्लाऊज शिवते. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेत, तरी सुईत दोरा जिभेनं आणि बोटांनी ओवते. तिनं कोट बघितला नाही, चाचपला. बाही चाचपली, बगल चाचपली, कॉलर चाचपली, आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"आगं, शिवण न्हाय ह्याला," ती म्हणाली. "कुठनं उसवू?"

शेवटी तिनं मशीनच्या खणातली मोठी कात्री आणली आणि कोटाच्या खालच्या कोपऱ्याचा नखाएवढा तुकडा कापला. प्रणिताला दुखलं. बोटाला सुई लागावी तेवढंच, पण दुखलं कोटात. आईनं लगेच कात्री मागं घेतली आणि राहू दे म्हणाली. तासाभरानं प्रणिता चौकात गेली तेव्हा फ्लेक्सवरच्या तिच्या कोटाचाही तेवढाच कोपरा नव्हता, आणि त्या भोकातून मागचं निंबाचं झाड दिसत होतं. ती खाली उभी राहून ते बघत राहिली.

बँकेत तर तिला त्या दिवशी जायचंच होतं, कोट असो वा नसो. शिखरवाट अकॅडमीच्या पत्रकावर लिहिलं होतं, बँकेत नोकरीची शंभर टक्के हमी, नोकरी नाही तर फी परत. खंडागळे सर स्वतः सगळ्या बॅचला बँकेत घेऊन गेले होते. इथं सही कर बाळ, इथं कर, आईची इथं. फीचं कर्ज प्रणिताच्या नावावर झालं आणि आई जामीन राहिली. क्लास संपला. निवडीची यादी येणार येणार म्हणता म्हणता सरांनी फोन उचलणं बंद केलं. हप्ते थकले तेव्हा बँकेनं आईच्या खात्यावर होल्ड लावला, पैसे काढणं बंद. त्या खात्यात आईच्या डोळ्यांचे पैसे होते. सोलापूरच्या दवाखान्यानं ज्येष्ठातली तारीख दिली होती आणि आणखी थांबलात तर नजर परत येईलच असं नाही, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. क्लासविरुद्धची तक्रार बँकेनं दाखल करून घेतली तर होल्ड निघणार होता. आईला या होल्डचं काही माहीत नाही, अशी प्रणिताची समजूत होती. आईला तिनं एवढंच सांगितलं होतं, यादी लागेल आता.

ती भिंतीच्या कडेकडेनं, पाठ कुणाला दिसणार नाही अशी चालत बँकेत शिरली. तक्रारीच्या खिडकीवर बिडवे मॅडम होत्या. मॅडम दुष्ट वगैरे नव्हत्या. त्यांनी पाणी विचारलं, उन्हाबद्दल दोन शब्द बोलल्या. प्रणितानं रांगेतल्या एका आजोबांना वाट द्यायला अंग चोरलं आणि ती कडेला वळली, तर मॅडमनी लगेच पुढचा नंबर पुकारला. बाजूनं ती त्यांना दिसतच नव्हती. ती घाईनं समोर वळली तेव्हा मॅडम म्हणाल्या, अगंबाई, आहात होय.

"नोकरी लागली नाही, ही माझी तक्रार आहे," प्रणिता म्हणाली.

मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला, कोटाकडे पाहिलं, मग काचेतून चौकातल्या फ्लेक्सकडे पाहिलं.

"लागलीय की."

"ते क्लासनं लावलंय, मॅडम. मी कुठंच नोकरीला नाही."

"बँक अधिकारी लिहिलंय. कुठल्या बँकेत ते लिहिलेलं नाही."

"नाही लिहिलेलं."

"मग आमचीही असेल," बिडवे मॅडम म्हणाल्या. "स्टाफची तक्रार या खिडकीवर घेता येत नाही."

प्रणितानं पत्रक दाखवलं, सरांना केलेले फोन दाखवले, आईच्या डोळ्यांचं सांगितलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. नोकरी नसलेल्या माणसाच्या अंगावर कोट नसतो. कोट काढून या, मी स्वतः तक्रार घेते, मी काय तुमच्या वाईटावर आहे का? एवढं बोलून त्या शेजारच्या खिडकीवर गेल्या, पण उठल्या नाहीत. खुर्चीची चाकं सरकवत, तोंड सतत गिऱ्हाइकांकडं ठेवून गेल्या. त्यांचा पदर खांद्यावरून जरासा ढळला, आणि त्याखाली निळ्या कापडाची कड होती.

प्रणिता बँकेतून बाहेर पडली आणि तडक अकॅडमीत गेली. नोकरी नको पण कोट आवर, असं सरांना सांगायचं तिनं ठरवलं होतं. फी राहू द्या, हमी राहू द्या, फक्त तो फ्लेक्स उतरवा.

खंडागळे सर तिला बघून खुर्चीतून उठले. त्यांच्यासमोर नव्या बॅचचे पाचसहा पालक बसले होते, हातात पत्रकं, पायाशी पिशव्या. सरांनी तिला दारातून धरून पालकांसमोर आणून उभं केलं. ही बघा, म्हणाले, आमची प्रणिता, वडील नाहीत, आई ब्लाऊज शिवते, आणि आज बघा.

प्रणितानं खोटं आहे म्हणायला तोंड उघडायचा प्रयत्न केला. तोंड उघडलं नाही. समोरच्या भिंतीवर तिचाच फोटो होता, फ्लेक्सवरचा, आणि फोटोत तिचे ओठ मिटलेले होते. दात पुढं आहेत म्हणून आईनं लहानपणापासून बजावलेलं, फोटोत तोंड मिटून हसावं. बँकेत फ्लेक्स काचेपलीकडं होता म्हणून बोलता आलं होतं. इथं मधे काच नव्हती. ती तोंड मिटून हसत राहिली. तिनं मान हलवून नाही नाही केलं, पण कडक कॉलरमुळे मान जेमतेम हलली, आणि एक बाई शेजारणीला म्हणाली, शिकलेली पोरगी कशी, गर्व म्हणून नाही. वैरागहून आलेल्या एका गृहस्थांनी कोटाची बाही चिमटीत धरून पाहिली आणि समाधानानं मान डोलावली. दुसऱ्या एकानं मागं जाऊन तिची पाठ मोठ्यानं वाचली. ती खिडकीशी बोलत असताना बँकेच्या शिपायाला कोरी जागा दिसली होती, आणि त्यानं तिथं कर्ज मेळाव्याची सूचना चिकटपट्टीनं लावून दिली होती.

"कर्जाचीबी सोय हाय म्हणा की," वैरागचे गृहस्थ म्हणाले, आणि पिशवीतून कागद काढायला लागले.

प्रणिताला तिथंच रडू आलं असतं, पण फोटोत ती रडत नव्हती. पालक सह्या करायला आतल्या खोलीत गेल्यावर सरांनी तिला दाराबाहेर आणलं. तिथं तिचे ओठ सुटले. तिनं फ्लेक्स उतरवायला सांगितलं, आईच्या होल्डचं सांगितलं, हात जोडले. सर तिच्या कोटाची कॉलर नीट करत होते. त्यांचा आवाज कधी चढत नसे, आताही चढला नाही.

"नोकरी आधी दिसावी लागते बाळ, मग लागते," ते म्हणाले. "आणि फ्लेक्स कुणी उतरवत नसतं. त्याच्यावर नवीन चढवतात."

"मग खालच्यांचं काय होतं, सर?"

"खालचे कामाला लागतात."

सरांनी दार आतून लावून घेतलं. प्रणिता जिना उतरून घराच्या रस्त्याला लागली. बसस्टँडच्या मागं एक रसवंती आहे. तिथं तिला कुणीतरी नावानं हाक मारली, उजव्या बाजूनं, म्हणून ऐकू आली. रसवंतीच्या चार बांबूंवर सावलीसाठी मागच्या वर्षीचा फ्लेक्स ताणला होता, आणि त्यावरून रविकिरण हाजगुडे खाली बघत होता. रविकिरण म्हणजे शिखरवाटचा मागच्या वर्षीचा पहिला. त्याचा कोट उन्हानं विटून राखाडी झाला होता. दातांसकट हसलेला फोटो होता त्याचा, त्यामुळे त्याला बोलता येत होतं.

त्यानं आधी रस घ्या म्हणून आग्रह केला. मग बोलता बोलता सांगितलं की तो आता कामाला लागलाय, ऊन अडवतो, काम वाईट नाही, गिऱ्हाईक चांगलं असतं. घरी कुणाला काही कळवायचंय का म्हणून प्रणितानं विचारलं. कळवायचं काही नाही म्हणाला, आईवडील इथंच रस प्यायला येतात अधूनमधून, वर बघत नाहीत. त्याच्या खांद्यापासून बरगडीपर्यंत लांब फाटलं होतं आणि ते वाऱ्यानं फडफडत होतं.

"वाऱ्याचं तेवढं बघा," तो म्हणाला. "अर्ध्या चंद्राएवढ्या चिरा पाडल्या की वारा निघून जातो, माणूस फाटत नाही. माझ्या कुणी पाडल्या नाहीत. घरच्या माणसाला सांगून ठेवा."

प्रणितानं रस घेतला नाही. ती निघाली तेव्हा रसवंतीवाला एका गिऱ्हाइकाला सांगत होता की वैशाख आहे, चारनंतर वावटळ सुटती, बसा आत सरकून. तिनं पावलं उचलली. आईला सगळं खरं सांगून टाकायचं, आई आणि ती मिळून बँकेत जातील, आई बिडवे मॅडमना आपल्या बोटांनी दाखवील की या कोटाला शिवण नाही, म्हणजे हा कोट कुणी शिवलेलाच नाही, म्हणजे हा कोटच नाही. वाटेत तिला हे इतकं पटलं की गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत तिला जवळजवळ बरं वाटत होतं.

गल्लीत माणसं जमली होती. कोऱ्यांच्या घराच्या भिंतीवर, पत्र्यापासून जोत्यापर्यंत, एक फ्लेक्स चढत होता. चौकातल्यापेक्षा मोठा, अख्ख्या भिंतीचा. त्यावर प्रणिता एकटीच होती, निळ्या कोटात, तोंड मिटून हसणारी. वर लिहिलं होतं, आमच्या गल्लीची शान, बँक अधिकारी प्रणिता महादेव कोरे हिचे हार्दिक अभिनंदन. खाली शुभेच्छुक म्हणून गल्लीतल्या झाडून सगळ्यांची नावं, पहिलं नाव नाना शेट्यांचं, कारण मंडळाचे अध्यक्ष तेच. तीन कोपरे बांधून झाले होते. चौथी दोरी हातात धरून नाना शिडीवर उभे होते, आणि चौथा कोपरा अजून मोकळा असल्यामुळे प्रणिताचे ओठ तिच्या ताब्यात होते. आई ठेवणीतलं इरकल नेसून, नारळ घेऊन खाली उभी होती. इतकी ताठ उभी राहिलेली आई प्रणितानं वडील गेल्यापासून पाहिली नव्हती.

तिनं आईला दंडाला धरून मशीनपाशी आत नेलं आणि घाईघाईनं सगळं सांगितलं. नोकरी नाही. यादी नाही. फ्लेक्स खोटा आहे. खात्यावर होल्ड आहे.

"म्हाईत हाय," आई म्हणाली.

"कधीपासून?"

"यादी लागंल लागंल म्हनलीस आन् घरातनं पैशे जायाच लागले, मला काय कळत न्हाय व्हय?"

ती आदल्या दिवशी दुपारी एकटीच बँकेत जाऊन आली होती. चाचपडत, रिक्षानं. तीसुद्धा तक्रार करायलाच गेली होती, होल्ड काढा म्हणून. खिडकीवरच्या बाईंनी नीट ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, मुलीला नोकरी नाही म्हणून होल्ड आहे. नोकरी आहे असं दिसलं की होल्ड निघतो. पुरावा आणा. आईनं रात्रभर विचार केला. संध्याकाळी चौकात क्लासचा फ्लेक्स लागल्याचं गल्लीत कळलंच होतं. पण त्यावर पोरं बारा, आणि प्रणिता दुसऱ्या ओळीत. तेवढ्यानं बँकेचं काय समाधान होणार? म्हणून सकाळी प्रणिता घराबाहेर पडल्या पडल्या ती नाना शेट्यांकडे गेली. नानांनी वर्गणी काढली, मोबाइलवरून फ्लेक्सचा फोटो काढून बिडवे मॅडमना पाठवायचंही कबूल केलं. चौथी दोरी बांधली की फोटो जाणार होता.

प्रणिता मशीनच्या स्टुलावर बसली, म्हणजे बसायला गेली, पण पाठीतली पट्टी वाकेना म्हणून परत उभी राहिली. तिच्या तक्रारीला नोकरी नसल्याचा पुरावा हवा होता. आईच्या तक्रारीला असल्याचा. एकाच खिडकीवर, एकाच बाईंकडे. आपलेच दात आपलेच ओठ, भांडणार कुणाशी? भिंतीवरचा फ्लेक्स उतरवला तरी बारा जणांचा चौकातला तसाच राहील, म्हणजे कोट जाणारच नाही, आणि आईचा होल्डही राहील. फ्लेक्स बांधला तर निदान होल्ड जाईल. तिनं हे उलटंसुलटं करून पाहिलं. कुठूनही उसवता येत नव्हतं.

"एवढा मोठा कशाला गं आई?" ती शेवटी म्हणाली.

"ल्हान केला तर मला दिसत न्हाय," आई म्हणाली. "ह्यो दिसतोय. नाक दिसतंय तुजं. लई दिसांनी बघितलं."

ज्येष्ठ पंधरा दिवसांवर होता. तिनं आईच्या कपाळावरचं भस्म पुसटलं होतं ते बोटानं नीट केलं. मग ती म्हणाली, वारा सुटेल, तू कात्री जवळ ठेव, चिरा पाडाव्या लागतील, अर्ध्या चंद्राएवढ्या. आई हो म्हणाली. कशाला ते तिनं विचारलं नाही. ब्लाऊजच्या गळ्याचं माप कुणी सांगावं आणि तिनं लक्षात ठेवावं, तसं ठेवलं.

दोघी बाहेर आल्या. नाना शिडीवरून म्हणाले, ताई, आता तुमच्याच हातानं होऊ द्या. प्रणिताला ते काल सकाळपर्यंत 'पणे' अशी हाक मारायचे. प्रणितानं दोरीचं टोक घेतलं, कोपऱ्याच्या रिंगेतून ओवलं आणि खुंटीला गाठ मारली. आईनं शिकवलेली गाठ, ओढली की घट्ट होणारी.

टाळ्या वाजल्या तेव्हा प्रणिता भिंतीवर होती. उंचावरून गल्ली तिला स्वच्छ दिसत होती, उजवीकडून ऐकूही येत होती. पाठीमागं भिंत गार होती. आता पाठ कुणाला दिसण्याची भीती नव्हती, आणि एवढ्या एका गोष्टीचं तिला खरंच हायसं वाटलं. आईनं नारळ फोडला. नानांनी मोबाइल आडवा धरून फोटो काढला आणि पाठवला. प्रणिता कुठं गेली असं कुणी विचारलं नाही; ती तर समोरच होती. मग सगळे नानांच्या ओट्यावर चहाला गेले, कारण चहा तिथं ठेवला होता.

आई एकटी भिंतीपाशी राहिली. तिच्या कमरेच्या पिशवीत मोबाइल वाजला. तिनं तो काढला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि मग नेहमीसारखा प्रणितापुढं धरला. हात उंच करून, टाचा उचलून.

"बँकेचा हाय का? बग की काय लिवलंय."

प्रणितानं वाचलं. खात्यावरील होल्ड काढण्यात आला आहे. कर्जदार नोकरीस लागल्याने संपूर्ण कर्जाची रक्कम जामीनदाराच्या खात्यातून वळती करून घेण्यात आली आहे. शिल्लक शून्य. आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे.

तिनं ओरडायचा प्रयत्न केला. चारी दोऱ्या ताणल्या, गाठ आणखी घट्ट झाली. ओठ मिटलेलेच होते. आई मान वर करून, डोळे बारीक करून तिच्या तोंडाकडं बघत होती, आणि हळूहळू आईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

"हसायलीस," आई म्हणाली. "म्हंजी काडलाच त्यांनी."

तिनं मोबाइल पिशवीत ठेवला आणि पदरानं डोळे टिपले. गल्लीच्या टोकाला धूळ उठली होती. नानांच्या ओट्यावरून कुणीतरी ओरडून सांगितलं की वावटळ येतीय, फ्लेक्सला भोकं पाडली न्हाईत, पार फाटून जाईल. आईनं ऐकलं. ती आत जाऊन मोठी कात्री घेऊन आली, स्टूल ओढून त्यावर चढली, आणि डाव्या हातानं प्रणिताला चाचपू लागली. नाव चाचपलं, ते सोडलं. शुभेच्छुकांची नावं चाचपली, तीही सोडली. कोटाच्या दोन बटणांच्या मधे तिला मोकळी जागा सापडली. फ्लेक्स आत ओढला गेला, मग फुगला. तिनं ती जागा चिमटीत धरली आणि कात्री उघडून टेकवली.

"दुखलं तर सांग," आई म्हणाली.